प्रतिसाद नावाचा शब्द

ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिलं, ते जुनं आंबेगाव आज पाण्याखाली आहे. घोड नदी डिंभ्याजवळ अडवली, विसाव्या शतकाच्या अखेरीस जलाशय भरला आणि ते गाव शेजारच्या काही गावांसकट बुडालं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे; ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. सुमारे साडेतेरा टीएमसी पाण्याचं हे धरण कुकडी प्रकल्पाचा भाग आहे आणि पूर्वेकडची शेतं त्यावर भिजतात. पाणी आलं तशी माणसं उठली. काही डोंगराच्या अंगाला वर सरकली, काही दूरच्या पुनर्वसनाच्या गावांत गेली. झाडाला मात्र उठता येत नाही. पाणी चढतं तेव्हा ते जिथे असतं तिथेच उभं राहतं.

मग त्याला पाणी चढलेलं कळतं का? कुऱ्हाड लागलेली कळते का? शेजारच्या झाडाला कीड लागली तर त्याची खबर पोचते का? हे प्रश्न फार जुने आहेत. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. पण या प्रश्नांचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवत राहिलं, की हा इतिहास जितका प्रयोगांचा आहे तितकाच शब्दांचा आहे. कवींनी झाडाला हसवलं, रडवलं, लाजवलं आणि विरहात झुरवलं. शास्त्रज्ञांनी बराच काळ ‘त्याला काही कळत नाही’ म्हणून विषय मिटवला. खरी हकिगत या दोन टोकांच्या मधे आहे.

सुरुवात घरापासूनच करू. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, पान तोडायचं नाही, झाड झोपलेलं असतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. हिंदूंच्या घरात ते जितकं ऐकू येतं तितकंच आमच्या मुसलमानांच्या घरातही. चिंचेकडे पाहून तर ते पटतंच. संध्याकाळी तिची पानं जोडीजोडीने मिटतात, सकाळी उघडतात. गंमत अशी, की याची लेखी नोंद सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीची आहे. सिकंदराचा नौदल अधिकारी अँड्रोस्थेनीस आखातातल्या बेटावर, म्हणजे आजच्या बहारीनला गेला. तिथे रात्री पानं मिटणारं एक झाड त्याने पाहिलं. ते झाड चिंचेचं असावं असं मानतात. तिथले लोक म्हणाले, झाड झोपतं. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस याने ही हकिगत आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली.

पुढचा प्रश्न विचारायला मात्र दोन हजार वर्षं जावी लागली. अंधार पडतो म्हणून पानं मिटतात, की झाडाला आतूनच वेळ कळते? १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने पानं मिटणारं एक रोप अंधाऱ्या जागी ठेवलं. सूर्याचा किरण दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ झाडाच्या आत होतं. प्राण्यांमधलं असंच घड्याळ कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. त्यांनी काम केलं ते फळमाशीवर. पण जैविक घड्याळाच्या गोष्टीची सुरुवात मिटणाऱ्या पानांपासून झाली. झाड आपल्यासारखं झोपत नाही, हे खरं. पण ‘झोपतं’ म्हणणाऱ्यांनी पाहिलं होतं ते बरोबर होतं.

जुन्या ग्रंथांतही या प्रश्नावर नुसती श्रद्धा नाही, चांगला वाद आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भारद्वाज भृगूंना विचारतात, की झाडं ऐकत नाहीत, पाहत नाहीत, वास घेत नाहीत, मग तीही पंचमहाभूतांची बनलेली आहेत असं कसं म्हणायचं? भृगू एकेक पुरावा मांडतात. उष्णतेने पानं कोमेजतात, म्हणजे स्पर्श कळतो. गडगडाटाने फुलं-फळं गळतात, म्हणजे आवाज पोचतो. वेल आधार शोधत जाते, म्हणजे वाट दिसते. धुरी दिल्याने रोग हटतो, म्हणजे वास कळतो. आजच्या कसोटीला यातलं सगळं उतरणार नाही. पण पद्धत पाहा. झाड काय करतं ते आधी बघायचं आणि मग निष्कर्ष काढायचा.

दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वान-उस-सफा या विद्वानांच्या मंडळानेही सृष्टीची उतरंड लावताना खजुराला वनस्पतींच्या अगदी वरच्या पायरीवर, प्राण्यांच्या सीमेला बसवलं. कारणं अशी, की खजुरात नर आणि मादी वेगळे असतात आणि शेंडा छाटला की झाड मरतं. आपल्या ओढ्याकाठची शिंदी ही खजुराचीच बहीण. तिचा शेंडा छाटला तर काय होतं, ते ताडी-निरा काढणारा कुणीही सांगेल.

आता विसाव्या शतकात येऊ. रेडिओवर बोलताना जगदीशचंद्र बोस यांचं नाव दोन कारणांनी घ्यावं लागतं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा हा माणूस १८९० च्या दशकात बिनतारी लहरींवर काम करत होता. लहरी टिपणारं त्यांचं उपकरण सतत वापरलं की मंदावे आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होई. धातूलाही थकवा येतो की काय, या कुतूहलातून ते वनस्पतींकडे वळले. स्नायूला विजेचा झटका दिला की त्यातून जसा विजेचा संकेत उमटतो, तसाच तो लाजाळूत आणि साध्या भाजीपाल्याच्या देठातही उमटतो, हे त्यांनी दाखवलं.

१९०१ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान गाजलं. जूनमध्ये रॉयल सोसायटीत मात्र विरोध झाला. विरोध करणारे सर जॉन बर्डन-सँडरसन हे शरीरक्रियाशास्त्रातलं मोठं नाव. १८७३ साली कीटक पकडणाऱ्या एका वनस्पतीच्या पानात विजेचा संकेत त्यांनीच नोंदवला होता. पण साध्या झाडातही तो असतो, हे त्यांना मान्य नव्हतं. बोस यांच्या चरित्रात येतं ते असं, की निबंधाच्या शीर्षकातला ‘प्रतिसाद’ हा शब्द काढून ‘भौतिक प्रतिक्रिया’ अशा अर्थाचा शब्द घालावा, अशी सूचना त्यांनी केली. बोस यांनी ती मानली नाही. निबंध तेव्हा सोसायटीने छापला नाही. हे चरित्र १९२० साली प्रसिद्ध झालं. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

एका शब्दासाठी एवढा हट्ट का, असं कुणी विचारेल. प्रतिक्रिया लोखंडालाही असते. पाणी लागलं की ते गंजतं. प्रतिसादासाठी आधी साद ऐकावी लागते. आत काहीतरी टिपलं जातं, ते दुसरीकडे पोचतं आणि मग उत्तर येतं. बोस यांना म्हणायचं होतं ते हे. त्यांचं सगळंच टिकलं नाही. झाडातलं पाणी पेशींच्या स्पंदनाने वर चढतं, हे त्यांचं मत शास्त्राने स्वीकारलं नाही. पानांतून बाष्प उडतं आणि त्याच्या ओढीने पाणी वर खेचलं जातं, हे आज मान्य आहे. पण विजेच्या संकेतांबद्दल ते बरोबर होते. २०१८ साली मासात्सुगू तोयोता आणि सायमन गिलरॉय यांच्या गटाने एका छोट्या रोपाचं पान अळीने कुरतडताना चित्रण केलं. जखमेपासून निघालेली कॅल्शियमची लाट काही मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत पोचताना त्यात चकाकताना दिसते. २०२२ साली तोयोतांच्या गटाने लाजाळूवरही प्रयोग केला. पान मिटण्याआधी तिच्यात अशीच लाट आणि विजेचा संकेत धावतो. ज्या लाजाळूला मिटता येत नाही तिला कीटक अधिक खातात. म्हणजे आपण जिला लाज म्हणत आलो ते स्वसंरक्षण आहे.

मधल्या काळात या विषयाचं नुकसान त्याच्या प्रेमिकांनीच केलं. १९६६ साली अमेरिकेत क्लीव्ह बॅकस्टर नावाच्या माणसाने खोटं पकडणारं यंत्र कुंडीतल्या झाडाला जोडलं आणि झाडाला माणसाच्या मनातलं कळतं, असा दावा केला. १९७३ साली त्यावर एक पुस्तक आलं, ते जगभर खपलं. शास्त्रज्ञांनी काटेकोरपणे प्रयोग करून पाहिले, तेव्हा तसं काहीच आढळलं नाही. परिणाम असा झाला, की वनस्पतींच्या जाणिवेचं नाव काढलं की लोक हसू लागले. १९८३ साली इयान बाल्डविन आणि जॅक शुल्ट्झ यांनी काही रोपांची पानं फाडली, तर त्याच बंद हवेतल्या धडधाकट शेजाऱ्यांच्या पानांत कीटकांना न मानवणारी तुरट द्रव्यं वाढलेली त्यांना दिसली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बोलणारी झाडं’ म्हटलं आणि टीकेची झोड उठली. १९९० साली फार्मर आणि रायन यांनी त्या हवेतल्या निरोपाचं एक रूप दाखवलं. एका रानझुडपाने सोडलेल्या वासामुळे शेजारच्या टोमॅटोने अळीची पचनशक्ती बिघडवणारी प्रथिनं तयार केली. त्या वासातलं द्रव्य जाई-चमेलीच्या सुगंधातही असतं. ज्या सुगंधावर कवींनी वह्या भरल्या, तो झाडांच्या जगात धोक्याची सूचनाही असू शकतो.

आता डिंभ्याच्या वर, भीमाशंकरच्या रानाकडे चला. इथल्या महादेव कोळी समाजाच्या हातात उन्हाळ्यात जो थोडा पैसा येतो, त्यात हिरड्याचा वाटा मोठा. कोवळी फळं उतरवायची, उन्हात वाळवायची आणि बाळहिरडा म्हणून विकायची. औषधासाठी आणि कातडी कमावण्यासाठी हिरड्याला मागणी आहे ती त्यातल्या टॅनिनमुळे. आणि टॅनिन म्हणजे काय? पानं-फळं खाणाऱ्याला अन्न पचू नये म्हणून झाडाने केलेली तरतूद. शत्रू आला की झाडाला पळता येत नाही, म्हणून ते रसायनशास्त्र शिकलं. ज्या तुरटपणावर इथल्या घरांची मीठ-मिरची चालते, तो मुळात किड्या-अळ्यांना दिलेला नकार आहे.

याच रानात कारवी आहे. कुडाच्या भिंतींना तिच्या काठ्या लागतात, म्हणून घराघरांत ती माहीत. सात वर्षं ती नुसती वाढते, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम जांभळे होतात, बी पडतं आणि झुडूप मरतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. सगळ्यांनी एकाच वर्षी फुलण्यात शहाणपण आहे. बी खाणारे किडे आणि उंदीर खाऊन खाऊन किती खातील? त्यांची पोटं भरूनही रुजायला बी उरतं. एकटंदुकटं झुडूप आडवर्षी फुललं तर त्याचं एक बी वाचणार नाही.

पावसाळ्यात भीमाशंकर-आहुप्याच्या जंगलात रात्री कुजलेलं लाकूड हिरवट चमकतं, ते पाहायला हल्ली पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. ही झाडं एकमेकांना संकेत देताहेत, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती मेलेलं लाकूड कुजवणारी बुरशी आहे. मुळांना जोडणारी बुरशी वेगळी. तिच्यातून एका झाडाचा कर्ब दुसऱ्यात जातो, हे सुझान सिमार्ड यांनी १९९७ साली कॅनडाच्या जंगलात दाखवलं. पण त्यावरून आई-झाड पिल्लांना भरवतं वगैरे ज्या गोष्टी पसरल्या, त्यांना पुरेसा आधार नाही, असं २०२३ साली याच क्षेत्रातल्या तिघा अभ्यासकांनी साधार लिहिलं. म्हणजे बॅकस्टरच्या वेळची सवय अजून गेलेली नाही.

आणि आता पाण्याकडे येऊ. ज्या १९०१ साली लंडनमध्ये बोस यांना विरोध झाला, त्याच साली रशियात दिमित्री नेल्युबोव्ह यांनी एक शोध लावला. प्रयोगशाळेत त्यांची वाटाण्याची रोपं वाकडी वाढत होती. त्याचं कारण दिव्याच्या गॅसमधला इथिलीन वायू निघाला. पुढे १९३४ साली कळलं, की हा वायू पिकणारी फळंही सोडतात. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, ही म्हण ज्यांनी केली त्यांना वायूचं नाव माहीत नव्हतं, काम माहीत होतं. हाच वायू झाडाला बुडाल्याची खबर देतो. झाड तो थोडा थोडा सतत तयार करत असतं आणि एरवी तो हवेत उडून जातो. भोवती पाणी आलं, की त्याला बाहेर पडता येत नाही, तो आतच साठतो आणि झाडाला कळतं, की आपण बुडतो आहोत. मुळांना प्राणवायू कमी पडला की पेशींना तेही कळतं. मग पानांची सूक्ष्म छिद्रं मिटतात, वाढ थांबते. बहुतेक झाडं एवढंच करू शकतात. पाणी फार दिवस राहिलं तर मुळं गुदमरतात आणि उभं झाड वाळतं.

भात मात्र या परीक्षेत मुरलेलं आहे. डिंभ्याच्या वरच्या गावांत उतारावर बांध घालून भाताची खाचरं करतात. एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबून ती तयार करायची, त्याला पडकई म्हणतात. खाचरात पाणी साचलं की भाताच्या मुळांत हवेच्या नळ्या तयार होतात आणि पानांतला प्राणवायू खाली पोचतो. पूर आला की भाताच्या जाती दोन वेगळ्या वाटा धरतात. काही इथिलीनचा संकेत मिळताच भराभर उंच होऊन पाण्याबाहेर डोकं काढतात. काही उलट वागतात. वाढ थांबवून, साखर जपून, पाणी उतरण्याची वाट पाहतात. ओडिशाच्या शेतकऱ्यांकडची एक जुनी जात दोन आठवडे अशी बुडून राहू शकते. तिच्यातलं हे गमक असलेलं जनुक २००६ साली ओळखलं गेलं आणि त्यातून तयार झालेलं ‘स्वर्णा-सब १’ हे वाण २००९ साली भारतात प्रसारित झालं. पुराच्या प्रदेशांतल्या शेतकऱ्यांची पिकं त्याने वाचवली. झाडाचा प्रतिसाद नीट वाचता आला की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

म्हणून मला वाटतं, बोस ज्या शब्दासाठी अडून बसले तो जपून वापरायला हवा. २०२३ साली तेल अवीवच्या संशोधकांनी दाखवलं, की पाणी न मिळालेल्या टोमॅटोच्या रोपातून माणसाच्या कानाला न ऐकू येणारे टिचकीसारखे आवाज निघतात. लगेच झाडं किंचाळतात, रडतात, अशा बातम्या आल्या. झाडाला मेंदू नाही, वेदना वाहून नेणारे मज्जातंतू नाहीत. ते आवाज खोडातल्या पाण्याच्या धारेत हवेचे बुडबुडे फुटल्याचे असावेत. पण रोप तहानलेलं आहे, ही खबर त्यांत आहेच. ती घ्यायला झाडाला रडवायची गरज नाही. जो आपल्यासारखा रडेल त्याचंच ऐकायचं, असं ठरवलं तर बहुतेक सृष्टी मुकीच राहील.

आणि हे झाडापुरतं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यावरून गेलं, हिरड्याचं मोठं नुकसान झालं. रानातल्या झाडाचं नुकसान हे घरातलं नुकसान आहे, हे पटवून भरपाई मागण्यासाठी इथल्या आदिवासींना आंदोलनं करावी लागली. गाव बुडालं तेव्हाही ही माणसं गप्प बसली नव्हती. जलाशयात मासेमारीचा हक्क त्यांनी मागितला, त्यासाठी सहकारी संस्था उभी केली. हिरडा कोणत्या दिवसांत उतरवायचा, कारवी कधी तोडायची, खाचरात पाणी किती ठेवायचं, हे त्यांचं ज्ञान म्हणजे झाडांचे प्रतिसाद पिढ्यान्‌पिढ्या वाचून साठवलेलं आहे. ते कुठल्या शोधनिबंधात नाही, म्हणून कमी ठरत नाही.

डिंभ्याच्या बाजूला कधी जाणं झालं, तर घोडेगावच्या बाजारात बाळहिरडा मिळतो का विचारा आणि एक तुकडा जिभेवर ठेवा. तोंड आवळून येईल. ती चव आपल्यासाठी केलेली नाही. कुणातरी अळीला फार पूर्वी दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते देणारा अजून आपल्या जागेवर उभा आहे.